बाबा, त्या तीन लाखांत तुम्ही होता

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

परवा फोनवर मी ‘गांधी’ सिनेमाच्या चित्रीकरणाचा विषय काढला आणि बाबा, तुम्ही नेहमीसारखं म्हणालात, “त्यात काय सांगायचं बाप्पा, उभाच तर होतो गर्दीत.” लगेच फोन आईकडे गेला. पण मला ते ऐकायचंच आहे. तुमच्याकडून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. का ऐकायचं आहे, ते नीट सांगता यावं म्हणून पत्र लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात मी ‘गांधी’ पुन्हा पाहिला. सिनेमा सुरू होतो तोच हत्येने आणि लगेच अंत्ययात्रा येते. राजपथाच्या दोन्ही बाजूंना माणसं, जिथवर नजर जाते तिथवर माणसं. ३१ जानेवारी १९८१ चं ते चित्रीकरण. खऱ्या अंत्ययात्रेला त्याच दिवशी ३३ वर्षं होत होती. तीन लाखांहून जास्त लोक आले होते. त्यातल्या साधारण ९४ हजारांना थोडे पैसे मिळाले, बाकीचे तुमच्यासारखे आपणहून आलेले. अकरा कॅमेरा पथकांनी वीस हजार फूट फिल्म खर्च केली आणि पडद्यावर राहिली फक्त १२५ सेकंदं. आता गर्दी दाखवायची तर काहीशे माणसं उभी करतात आणि बाकीची संगणकावर वाढवतात. त्या दिवशी मात्र प्रत्येक डोकं खरं होतं, आणि त्यातलं एक आमच्या घरचं.

तुम्ही म्हणता, मी कुठे दिसतो? आई सांगते, बर्डीवरच्या टॉकीजमध्ये तुम्ही तिला बोट दाखवून “तो बघ, तो मी” म्हणाला होता आणि तिला पांढऱ्या कपड्यांशिवाय काहीच दिसलं नव्हतं. मलाही नाही दिसलात. पण तुम्ही तिथून निघून गेला असता तर चाललं असतं, हे मला मान्य नाही. सगळ्यांनीच तसं म्हटलं असतं तर राजपथ रिकामा राहिला असता. दिग्दर्शक ॲटनबरोंनी हा सिनेमा व्हावा म्हणून १९६२ पासून धडपड केली, बेन किंग्जलेंनी गांधीजींच्या भूमिकेत जीव ओतला, आपल्या रोहिणी हट्टंगडींनी कस्तुरबा उभ्या केल्या. हे सगळं खरंच आहे. पण देशाने काय गमावलं ते पहिल्या काही मिनिटांत कळतं ते त्या गर्दीमुळे. संवादांमुळे नव्हे.

(आई, तुझ्यासाठी एक. या सिनेमाला आठ ऑस्कर मिळाले, त्यातलं वेशभूषेचं भानू अथैयांनी घेतलं, एका परदेशी वेशभूषाकारासोबत. ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या बाई. तू शिलाई मशीनवर बसलीस की मला हे हटकून आठवतं.)

बाबा, तुमच्याकडून तुकड्या-तुकड्यांत ऐकलेलं मी मनात जोडून ठेवलं आहे. ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी तुम्ही दिल्लीला होता आणि करोलबागेत मावसभावाकडे उतरला होता. जी.टी. एक्स्प्रेसने जाताना आजीने संत्र्यांची टोपली दिली होती. शनिवार होता. मावसभावाचा पांढरा कुर्ता-पायजमा घालून तुम्ही अंधारातच निघालात. थंडी अशी, की बोटं वळत नव्हती. शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, ते १९४८ मध्ये खरोखर तिथे होते. त्यांनी विचारलं, “कहाँ से हो बेटा?” एरवी तुम्ही सगळ्यांना वर्धा नागपूरजवळ आहे असं सांगता. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, “नागपूर, वर्धा के पास.” मग खिशातलं संत्रं त्यांना सोलून दिलंत. पार्थिवाची गाडी जवळ आली तेव्हा ते रडले. कॅमेरा तुमच्या बाजूला नव्हताच, हे तुम्ही दर वेळी आवर्जून सांगता.

आणि तुम्ही चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. हे मला तुम्ही कधी बोलला नाहीत, आईने सांगितलं. त्यामागचं कारण मात्र तिलाही पूर्ण माहीत नाही. मला वाटतं, ते आजोबांपाशी जातं.

आजोबा लहानपणी कोणाबरोबर तरी सेवाग्रामला गेले होते, संध्याकाळच्या प्रार्थनेला बसले होते, एवढं मला ठाऊक आहे. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले, म्हणजे त्यानंतरच्या वर्षांतलं हे. पुढे ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी हत्या झाली आणि दुसऱ्याच दिवशी दहन. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं, पण आजोबांसारख्या माणसाने बातमी ऐकून दिल्ली गाठावी एवढा वेळच नव्हता. मग फेब्रुवारीत पवनारला धाम नदीत अस्थी विसर्जित झाल्या तेव्हा ते गेले. गर्दीत अनवाणी उभे राहिले. घरात ही गोष्ट सांगताना आजी ‘अनवाणी’ या शब्दापाशी थांबायची.

म्हणजे आजोबा पवनारला आणि तुम्ही राजपथावर. त्यांना जिथे पोचता आलं नाही तिथे तुम्ही उभे राहिलात. कोणी म्हणेल, ते तर शूटिंग होतं. असू दे. आजोबांच्या मनात ३३ वर्षं जे राहून गेलं होतं ते तुम्ही दिल्लीत पुरं केलंत, असं मी समजते. म्हणून ‘उभाच तर होतो’ हे मला ऐकवत नाही, बाबा.

आता मला जे कोणीच सांगितलेलं नाही ते विचारते. नागपूरला परत आल्यावर तुम्ही आजोबांना हे सांगितलंत का? ते काय म्हणाले? चपला काढल्याचं त्यांना कळलं का? ते सिनेमा बघायला आले होते का? आणि ते म्हातारे गृहस्थ, त्यांनी १९४८ चं तुम्हाला काय सांगितलं? तुम्ही इंडिया गेटच्या बाजूला होता की राष्ट्रपती भवनाकडे?

तुमचा हात लिहिताना थरथरतो, तेव्हा लिहायचं मनावर घेऊ नका. पुढच्या महिन्यात मी येते आहे, तेव्हा मोबाइलवर तुमचा आवाज टेपून घेईन. सकाळी पोहे झाले की गच्चीवर उन्हात बसू. आई, तूही बस, कारण ते विसरतात ते तुला आठवतं आणि ते टाळतात तेही तू बोलतेस. तोवर रात्री अंथरुणावर पडल्यावर थोडं आठवून ठेवा. क्रम लावायची गरज नाही, तो मी लावीन.

आणि बाबा, रक्तदाबाची गोळी जेवणानंतर घ्यायची आहे, चहाबरोबर नाही.

तुमची,
मधली