मालकांकडचं काम सोडलं, त्याबद्दल

सोलापूर,
17 जानेवारी

ती. आई आणि बाबा यांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी उभ्या उभ्या पिशवी भरली असती आणि संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली असती. ऑपरेशनच्या डोळ्यावर ती गर्दी नको, म्हणून पत्र. दादाकडून वाचून घ्या. मधेमधे त्याची मतं घालू देऊ नका.

मालकांकडचं काम मी सोडलं. संक्रांतीच्या आधीच. हातातला लॉट पुरा केला, चाव्या टेबलावर ठेवल्या, पाया पडले आणि निघाले. अक्कलकोट रोडला छोटा गाळा भाड्याने घेतलाय. दोन जुकी शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक, सगळं सेकंडहँड, आणि कटिंगचं एक लांब टेबल. शाळांच्या गणवेशाचंच काम. जूनचा माल आत्ता कापायला घेतला तरच वेळेत निघतो, म्हणून तुम्ही परत येईपर्यंत थांबता आलं नाही.

बाबा, तुम्ही काय म्हणणार ते मला पाठ आहे. मिल बंद पडली तेव्हा मालकांनी आपल्याला उभं केलं. खरं आहे, मी विसरणार नाही. आठवीतून माझं नाव काढलं त्याबद्दलही मनात काही नाही. तुम्ही तो विषय काढता आणि मग ताट तसंच ठेवता, तसं करायचं नाही. पण बाबा, मिलमध्ये पगारवाढीसाठी तुम्हीच गेटवर बसत होतात ना? मी पगाराचं विचारलं तर मालक म्हणाले, "तू तर घरचीच, तुझं काय एवढं?" त्याच आठवड्यात कटिंगला एक नवा मुलगा आला, माझ्यापेक्षा जास्त पगारावर. त्याला थर लावायला मीच शिकवलं. पोरगा चांगला आहे, त्याच्यावर राग नाही. घरी येऊन मात्र वही काढली आणि मी दिवसभरात काय काय करते ते एकेक लिहीत गेले. पान उलटावं लागलं.

आई, तुला कळेल अशी एक गोष्ट सांगते. शर्टाच्या कापडाचा पन्हा 58 इंची. त्यावर पाठ, पुढा, बाह्या मांडल्या की मुंढ्यापाशी खोलगट जागा उरते. तिथे सगळे कात्रण सोडून देतात. मी लहान मापाची कॉलर, खिसा, पट्टी तिथे फिरवून बसवते. चौकडीचं कापड असेल तर रेघ जुळवून, नाहीतर शाळावाले माल परत करतात. शर्टामागे चार बोटं कापड वाचतं, म्हणजे 1000 शर्टांना 75 मीटर. इतकी वर्षं ते कुणाच्या खिशात गेलं? आणि हे मला कुठल्या मास्तरनं शिकवलं? तू भिजवलेली तेंदूची पानं फडक्यातून काढायचीस, शीर आणि भोक चुकवून पत्र्याचं माप ठेवायचीस आणि एका पानातून दोन तुकडे काढायचीस. मी मांडीला मांडी लावून बघत बसायची. तुझ्या पदराला तंबाखूचा वास यायचा आणि मला त्यातच झोप लागायची. रात्री मोजून बांधलेल्या हजार बिड्यांतून सकाळी कारखान्यात मूठ-मूठ छाट काढायचे आणि तू मान खाली घालून यायचीस. तुझं काही चुकत होतं असं नाही, तेव्हा बोलायची सोयच नव्हती. मला ती आहे एवढंच.

17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी काढली तेव्हा दादा हसला होता, या वयात काय उपयोग म्हणून. झाला उपयोग. बँकेतला इंग्रजी फॉर्म मी स्वतः भरला. उद्यम नोंदणीचे, म्हणजे धंद्याच्या सरकारी नोंदणीचे, एक एजंट दोन हजार मागत होता, पण ती सरकारकडे फुकट होते. आधार टाकून मोबाईलवर माझी मीच केली.

आता कर्जाचं. आई, आधी पाणी पी. सरकारच्या मुद्रा योजनेतून घेतलंय, तीन लाख. 50,000 ते 5 लाखांपर्यंतच्या कर्जाला किशोर म्हणतात, त्यातलं. त्याला तारण लागत नाही. म्हणजे घराच्या कागदांना हातही लावलेला नाही, ते कपाटात तुझ्या लग्नाच्या शालूखालीच आहेत. हप्ता साडेसहा हजारांच्या आसपास, पाच वर्षं. दोन शाळांचं काम हातात आहे आणि मालकही जॉबवर्क देतो म्हणालेत. बघू. तुमच्या औषधांचे पैसे मी वेगळ्या खात्यात काढून ठेवलेत, धंदा बुडाला तरी त्याला हात लागणार नाही. बुडणार नाही, पण तुम्हाला झोप यावी म्हणून लिहिते.

घर नीट आहे. नळ चार-पाच दिवसांनी येतो, शेजारची अक्का माझ्या घागरी भरून ठेवते. तीच आता ओव्हरलॉकवरही बसते. दिवसभर तेलुगूत मला रागावते, मला निम्मं कळतं. सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला आम्ही दोघी संमती कट्ट्यापाशी गेलो होतो. सातही नंदीध्वज छान दिसले. तुमच्या दोघांच्या नावाच्या अक्षता टाकल्या.

बाबा, डोळा चोळायचा नाही. डोक्यावरून अंघोळ नाही, वाकून बादली उचलायची नाही. थेंब डॉक्टर बंद करा म्हणेपर्यंत चालू ठेवायचे, बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचे नाहीत. नवा चष्मा लगेच करत नाहीत, महिना-सव्वा महिन्याने नंबर काढतात. तोवर पेपर दादाकडून वाचून घ्या. पेन्शनचा हयातीचा दाखला आता मोबाईलला चेहरा दाखवूनही होतो, त्यासाठी सोलापूरला यायची गरज नाही. आणि मालकांना फोन करून माझ्यासाठी शब्द टाकायचा नाही. एकदाही नाही, बाबा.

आई, तिथे सुनेच्या स्वयंपाकघरात लुडबुड करू नकोस. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवतेय, चटणी बाबांना चमचाभरच दे. गुडघ्याला तेल लावून घे, लाजू नकोस. एप्रिलमध्ये तुम्ही आलात की गाळा दाखवीन. काज-बटणाला हात लावशील हे मला माहीत आहे. लाव, पण मग इतर बायकांसारखा तुझाही हिशेब वहीत लिहिणार आणि शनिवारी पैसे मोजून घ्यायचे.

तुमची,
बेबी

ता. क. चटणीचा डबा स्टीलचा आहे, दादाला म्हणावं, तोच परत पाठव, प्लॅस्टिकचा नको.