महाद्वार रोडच्या नारळवाल्या मावशींना

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवणार आहे, तसं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. तोंडावर आभार मानले असते तर "आभार कसलं मानतोस, बाजूला हो, गिऱ्हाईक आलंय" म्हणून तुम्ही मला हटवलं असतं. म्हणून चार लोकांदेखत लिहितोय. ज्यांना वस्तू उडवून झेलायचा नाद आहे, त्यांच्याही कानावर तुमची विद्या जावी, असं मनात आहे.

वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. मी शिरोली एमआयडीसीत मशीनशॉपला कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी वाढदिवस, शाळांची गॅदरिंग, मंडळांचे कार्यक्रम अशा ठिकाणी जगलिंग करतो. एकसारखे तीन चेंडू कधीच हातात बसले होते. पण यंदा गणपतीत आमच्या पेठेतल्या पोरांनी अट घातली, की चेंडू कोण बी उडवतंय, तू लिंबू, नारळ आणि फुटबॉल एकत्र उडवून दाखव. कोल्हापुरात पेठेसमोर हातात फुटबॉल घेऊन उभं राहायचं आणि तो निसटू द्यायचा, त्यापेक्षा कार्यक्रम न केलेला बरा. (बॉलसुद्धा मुद्दाम काळा-पांढरा घेतला. रंगाचा घेतला असता तर कुठल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा, यावरच रात्र गेली असती.)

तर मी नारळ घ्यायला तुमच्याकडं आलो, काखेत फुटबॉल. तुम्ही विचारलंत, "ह्यो देवाला व्हय?" सगळं ऐकून घेतल्यावर म्हणालात, "ठेव त्यो बॉल काट्यावर."

महाद्वार रोडवर भर संध्याकाळी फुटबॉलचं वजन होतंय हे बघायला लोक थांबले. ४३० ग्रॅम भरला. नियमाप्रमाणे मोठा फुटबॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, म्हणजे बरोबर मधला. मग तुम्ही ढिगातले नारळ उचलायला लागलात. एक हातात तोलला, ठेवला. दुसरा कानाजवळ हलवला, ठेवला. तिसरा माझ्यापुढं धरलात, "ह्यो घे, तेवढाच हाय." काट्यावर फरक आला तो किरकोळ. मग दोन्ही माझ्या दोन हातांत दिलेत आणि विचारलंत, जड कुठलं?

नारळ. विचार करायलाच नको, नारळच जड. काट्यानं आत्ता डोळ्यांदेखत सारखं वजन दाखवलं होतं, तरी नारळच जड लागत होता. तुम्ही म्हणालात, "काटा खोटं बोलतोय व्हय? तुझं डोळं खोटं बोलत्यात. हाताचं ऐक." आणि सांगितलंत, की बायका मोठी पपई उचलतात आणि "पोकळ आहे हो" म्हणून भाव पाडतात, पण काट्यावर टाकली की गप्प होतात.

मावशी, घरी जाऊन मी याबद्दल वाचलं. शार्पांतिए नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८९१ सालीच हे मांडलंय. सारख्याच वजनाच्या दोन वस्तूंत जी आकारानं मोठी, ती हलकी वाटते. त्याहून मजेची गोष्ट पुढच्या संशोधनात आली. अशा वस्तू चारदोनदा उचलल्या की बोटं आपला जोर बरोबर जुळवून घेतात, पण मनाला वाटायचं ते वाटतच राहतं. म्हणजे हात शहाणा होतो आणि डोकं मागं राहतं. तुमचं "हाताचं ऐक" तंतोतंत हेच. फक्त त्यांना प्रयोगशाळा लागली आणि तुम्हाला पपईवरची घासाघीस पुरली.

नारळ हलवून का बघता तेही त्याच दिवशी कळलं. जून नारळातलं पाणी कमी झालेलं असतं, ते आत डुचमळतं आणि वर उडवला की नारळ वेडावाकडा डोलतो. गच्च पाण्याचा नारळ आवाज करत नाही आणि हवेत सरळ राहतो. देवापुढं फोडायलाही गिऱ्हाइकाला तसलाच हवा असतो, त्यामुळं तुमच्या कानाला ती सवय होतीच.

खरी अडचण मात्र लिंबाची होती. नारळ साधारण आठ-नऊ लिंबांच्या वजनाचा. नारळ टाकल्यावर त्याच हातात लिंबू आलं की ते कुणाच्यातरी गच्चीवर जायला निघायचं. तुम्ही दुकानामागं बारदानं अंथरून दिलीत (नारळ फुटू नयेत म्हणून की माझे पाय, ते विचारलं नाही) आणि तिसरी वस्तू काढून घेतलीत. नुसतं लिंबू आणि नारळ. याची जागा त्याला, त्याची याला. आणि टाकायच्या आधी नाव मोठ्यानं घ्यायचं. "लिंबू! नारळ! लिंबू! नारळ!" शेजारचा हळदी-कुंकवाचा स्टॉल खदाखदा हसायचा. पण नाव उच्चारलं की हात आधीच तयार होतो, हे करून बघितल्याशिवाय पटत नाही. आता मनातल्या मनात म्हणतो. अवघड कार्यक्रम असला की अजूनही ओठ हलतात.

उंचीचं तर तुम्ही पहिल्या दिवसापासून धरून बसला होता. "जड असू दे न्हाईतर हलकं, समद्यांनी एकाच फळीपतोर जायचं." मशीनवर काम करणाऱ्या माणसाला आकडा लागतोच, म्हणून मी हिशेब मांडला. हातापासून २० सेंटिमीटर वर गेलेली वस्तू सुमारे ०.४ सेकंदात परत येते आणि ८० सेंटिमीटर गेलेली ०.८ सेकंदात. वेळ दुप्पट हवा तर उंची चौपट. यात वजन कुठंच येत नाही. लिंबू असो वा नारळ, एकाच उंचीवर गेले तर एकाच वेळात खाली येणार. वजन फक्त जोर किती लावायचा ते ठरवतं. (फुगा किंवा पातळ प्लॅस्टिकचा मोठा बॉल याला अपवाद, त्यांना हवाच अडवते. असल्या वस्तू नवशिक्यानं लांब ठेवाव्यात.)

आणि गजगे, म्हणजे सागरगोटे. दुपारी गिऱ्हाईक नसताना तुम्ही गल्ल्याच्या डब्यातून ते राखाडी गजगे काढलेत, मांडी घालून बसलात आणि एक वर टाकून खालचे दोन वेचून तो झेललात. मग चार. मग तीन एकाच हातानं हवेत. माहेरी पोरी पैजेनं खेळायच्या म्हणालात. त्या वेळी जे बोललात ते मी वहीत लिहून ठेवलंय: "वर गेलेला गजगा म्हंजी हाताला मिळालेली सवड. तेवढ्यात काय करायचं ते करून घ्यायचं."

अमेरिकेत क्लॉड शॅनन नावाचा मोठा गणितज्ञ होऊन गेला. आज फोनवरून जी माहिती इकडून तिकडं जाते तिच्या शास्त्राचा पाया त्यानं घातला. त्याला जगलिंगचं भारी वेड, आणि त्याचं समीकरणही त्यानं मांडलं. वस्तू हवेत असण्याचा वेळ अधिक हातात असण्याचा वेळ, याला हातांच्या संख्येनं गुणायचं. हात रिकामा असण्याचा वेळ अधिक वस्तू हातात असण्याचा वेळ, याला वस्तूंच्या संख्येनं गुणायचं. दोन्ही बाजू सारख्या भरतात. मी ते कागदावर मांडलं तेव्हा समोर तुमचे गजगेच दिसले. जमिनीवरचे वेचायला जास्त वेळ लागणार असेल तर वरचा उंच टाकायचा, एवढंच तर आहे ते.

नारळ झेलताना माझं मनगट दुखायचं. तेव्हा तुम्ही काही समजावलं नाही, कलिंगडाचा टेम्पो उतरत होता तिकडं बोट केलंत. वरचा हमाल कलिंगड टाकतो आणि खालचा ते अडवत नाही, हात फळाबरोबर खाली नेतो आणि तसाच पुढच्याकडं वळवतो. थांबायला दुप्पट अंतर दिलं की हातावरचा जोर जवळपास निम्मा होतो. नारळ झेलायचा नाही, उतरवून घ्यायचा. मनगट त्यानंतर कुरकुरलं नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही सांगितली नाहीत, कारण फुटबॉल तुम्ही कधी विकला नाही! त्याची जाडी २२ सेंटिमीटर, लिंबाची जेमतेम चार-पाच. दोन्ही एकमेकांना ओलांडताना बॉल लिंबाला धडक देतो. त्यासाठी हात जरा फाकवून धरावे लागले, आणि बॉलचा माथा न बघता मध्य कुठवर जातो ते बघावं लागलं. एवढी भर माझी.

कार्यक्रम झाला. लिंबू, नारळ, फुटबॉल फिरत राहिले, पोरांनी शिट्ट्या मारल्या, एका म्हाताऱ्या वस्तादांनी पाठीवर थाप दिली तीही नारळाच्या वजनाची. तोच नारळ मग आरतीला फोडला. पाणी गच्च निघालं.

तुम्ही मला "सर्कस" म्हणून हाक मारता ती आता पेठेत पसरलीय. मला वाईट वाटत नाही. १८८० साली ग्रेट इंडियन सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे आपल्या शेजारच्या सांगलीकडचेच, तेव्हा हे नाव या भागात मानाचंच धरायला हवं.

राहिले पैसे. सरावात फुटलेल्या नारळांचे तुम्ही घेतले नाहीत, "फुटका नारळ इकत न्हाई" म्हणालात. आईनं त्याच्या वड्या केल्या, डबा पाठवतोय, तो परत करायचा नाही. आणि पोरांचं नवीन काढलंय. ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फोडतात, तर नवरात्राच्या कार्यक्रमात तू कोहळा उडव म्हणतायत. देवीचा कोहळा उडवायचा नाही हे मी त्यांना सांगितलंय. पण साधा, भाजीचा, लहानात लहान कोहळा काट्यावर किती भरतो आणि त्याच्या जोडीला काय धरावं, ते बघायला रविवारी दुपारी येतोय. या वेळी पैसे घेणार असाल तरच बारदानं काढा.

आपला नम्र,
सर्कस