हिडकलची जाळी आणि आपली खडशी

बेळगाव, 12 जून

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा अर्जाचा मसुदा मिळाला. घटप्रभेवरच्या हिडकल जलाशयात जाळी टाकण्यावर सरसकट बंदी घालावी, या मागणीवर मी सही करावी अशी तुझी इच्छा आहे. आहे त्या स्वरूपात ती करणे मला जमणार नाही, म्हणून कारण सविस्तर लिहितो.

जाळ्यांमुळे गळाला झुंज देणारा मासा कमी झाला, हे मला मान्य आहे. पण सगळी जाळी सारखी नाहीत. धरणाच्या भिंतीकडच्या खोल पाण्यात भोई मंडळी लावतात त्या जाळ्यांत मुख्यतः कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) सापडतात. पहिले तिघे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, तर सायप्रिनस 1939 साली बाहेरून निलगिरीत आणलेला. साचलेल्या पाण्यात कटला-रोहू सहसा विणत नाहीत, म्हणून त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिले, पुन्हा पुन्हा सोडावी लागतात. सोडलेला मासा काढला तर तक्रार कशाची? सायप्रिनस तर काढलेलाच बरा, कारण तो अन्नासाठी तळाचा चिखल उकरतो, पाणवनस्पती उपटतो आणि पाणी गढूळ करतो. अमेरिकेत मॅडिसन शहरातल्या विंग्रा सरोवरातून 2008 साली हाच मासा जाळ्यांनी मोठ्या प्रमाणावर काढला, तेव्हा पाणी नितळ होऊन वनस्पती पुन्हा वाढल्या.

घात होतो तो दुसऱ्या टोकाला, दड्डीकडे, जिथे घटप्रभा फुगवट्यात शिरते. पावसाळ्यात नदीला लोंढा आला की खडशी, म्हणजे आपल्याकडचा महासीर, विणीसाठी वरच्या दगडगोट्यांच्या वाहत्या पाण्याकडे चढू लागते आणि नेमक्या त्याच अरुंद वाटेवर तंगुसाचे जाळे आडवे असते. जाळ्याला मासा कोणत्या जातीचा ते कळत नाही, फक्त त्याचा घेर कळतो. किलोभर कटल्यासाठी बेतलेल्या आसात, म्हणजे जाळ्याच्या डोळ्यात, तेवढ्याच घेराची खडशीही कल्ल्यांपाशी अडकते. रात्रभर अडकलेली खडशी सकाळी सोडून दिली, तरी ती जगण्याची आशा फारशी नसते. रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे लाखांनी अंडी देते आणि ती एका दिवसात फुटतात. खडशीची अंडी काही हजारच, आणि ती फुटायला तीन-चार दिवस लागतात. शिवाय कटल्याची उणीव बोटुकल्यांनी भरून निघते, खडशीची भरून काढायला कोणी येत नाही. मासेमारीच्या ठेकेदाराच्या हिशेबात दोन्हींचे वजन सारखेच धरले जाते.

मरळीचे निराळे. नर-मादी पिलांची राखण करतात, त्यामुळे त्या दिवसांत जोडी उचलली की पिलांचा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. तिला जाळ्याइतकाच गळही भोवतो, आणि अंडी भरलेली मादी घरी नेऊन फोटो मिरवणारे आपल्याच गळ टाकणाऱ्या मंडळींत आहेत, हे अर्जात लिहिणार नसलास तरी ध्यानात ठेव.

लोणावळ्याच्या महासीर-बीज केंद्रातून खडशीचे बीज आणण्याची तुझी सूचना मला आवडली. तिथलेच बीज कावेरीत सोडल्यावर त्या नदीतल्या मूळच्या कुबडाच्या महासीरावर संकट आले, हे खरे. पण आपली खडशी मूळचीच कृष्णा खोऱ्यातली असल्याने इथे तो आक्षेप तितका लागू पडत नाही. मात्र विणीची वाट मोकळी होण्याआधी बीज सोडणे म्हणजे ठेकेदाराच्या जाळ्यात भर घालणे होय.

तेव्हा मसुदा बदल. फुगवट्याच्या तोंडाशी जून ते सप्टेंबर एकही जाळे नसावे आणि एरवीही बारीक आसाचे जाळे कुठेच नसावे, एवढेच माग. खोल पाण्यातली मासेमारी भोई मंडळींना राहू दे, म्हणजे तेही आपल्या बाजूने बोलतील. अर्ज हुक्केरी आणि बेळगावच्या कचेऱ्यांत जायचा आहे, तेव्हा त्याची कन्नड प्रतही करून घे. हे झाले की माझी सही धर, आणि दड्डीच्या आसपासच्या गावांतल्या सह्या मिळवण्याचे काम माझ्याकडे दे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सदा