काजव्यांच्या फोटोखाली एक ओळ छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिना उतरणीला लागला की भंडारदऱ्याच्या काजव्यांचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. काळेभोर आभाळ आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पिवळ्या ठिपक्यांनी गच्च भरलेले झाड. आपल्या रविवार पुरवणीतही दरवर्षी तसा एक फोटो असतो. पंचवीस वर्षे हौसेने कॅमेरा बाळगणारा माणूस म्हणून सांगतो, ते दृश्य डोळ्यांना कधीच दिसत नाही. ट्रायपॉड लावायचा, वीस-तीस सेकंदांची एक अशा चाळीस-पन्नास फ्रेम घ्यायच्या आणि घरी येऊन संगणकावर एकीवर एक चढवायच्या. मग अर्ध्या तासात जेवढे काजवे लुकलुकले, ते सगळे एकदमच पेटल्यासारखे दिसतात. यात लबाडी काही नाही, रात्रीच्या छायाचित्रणाची ती रीतच आहे. फक्त ती बघणाऱ्याला कुणी सांगत नाही.

गेल्या जूनमध्ये माझा भाचा चार मित्रांना घेऊन पुण्याहून आला. मीच त्यांना घाटघरच्या बाजूला नेले. हिरड्या-बेहड्यांवर लाट उठत होती. एका फांदीवर सुरू व्हायची, शेजारच्या झाडावर सरकायची, मग सगळे विझून दोन श्वासांइतका अंधार. इतकी वर्षे पाहतो आहे, तरी अंगावर काटा येतो. पोरांनी फोन वर धरले. पडद्यावर नुसते काळे. ‘मामा, ते फोटोतलं झाड कुठंय?’ भाच्याने विचारले. म्हटले, हेच की. तेवढ्यात एकाने फ्लॅश मारला, दुसऱ्याने टॉर्च लावून स्वतःचा व्हिडिओ घेतला आणि समोरचे झाड गप्प झाले. पंधरा मिनिटांत मंडळी गाडीत. मला रागावताही येईना. ज्या फोटोपायी ते आले होते तो मीच काढलेला, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीच मिरवलेला.

काजव्याचा उजेड म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. नर उडता उडता लुकलुकतो आणि बऱ्याच जातींत मादी खाली गवतात किंवा पानावर बसून उत्तर देते. पंख फुटल्यावर त्यांच्या हाती उरतात थोडेच दिवस, त्यातच सगळे उरकायचे. गाडीच्या हेडलाइटमध्ये ती साद बुडते आणि फोटोसाठी झाडाखाली घुसणारे पाय नेमके त्या गवतावर पडतात.

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखाते वेळेची, वाहनांची बंधने घालते, तरी शनिवारी रात्री भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावच्या रस्त्यावर गाडीला गाडी लागलेली असते. गर्दी नकोच, असे मात्र मला म्हणवत नाही. तंबू, जेवण, वाट दाखवणे यातून आदिवासी गावांतल्या पोरांना पावसाआधी चार पैसे मिळतात. त्यातला एक वाटाड्या तर पाहुणे गाडीतून उतरताच सांगून टाकतो, ‘फोटोवानी नसतंय हां, आधीच सांगतो.’ आम्हा फोटोवाल्यांपेक्षा तो प्रामाणिक. (हरिहर गडाच्या कातळपायऱ्यांचेही तेच. फोटोत पायऱ्यांवर एकटा वीर, प्रत्यक्षात पावसाळ्यातल्या रविवारी चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची कोंडी.)

माझी विनंती साधी आहे. यंदा असा फोटो छापाल तेव्हा खाली एक ओळ द्या: ‘अर्ध्या तासातील अनेक छायाचित्रे एकत्र करून.’ झाड नेमके कुठले, कुठल्या वळणावरचे, हे वगळले तरी चालेल, तालुका पुरे.

मी माझ्या जुन्या फोटोखाली ती ओळ टाकली. तासाभरात एका ओळखीच्या मुलाचा प्रश्न आला, ‘म्हणजे फेक आहे का काका?’ त्याला कळवले आहे की जूनच्या पहिल्या आठवड्यात ये, आणि फोन गाडीतच ठेव.

आपला,
एक हौशी छायाचित्रकार, संगमनेर