गिरणीवाल्या मामी, नोटाबंदीतल्या त्या सुट्ट्या पैशांसाठी

ती. स्व. मामींना शिरसाष्टांग नमस्कार.

नोटाबंदीच्या दिवसांत तुम्ही आमच्या गल्लीतल्या बायकांसाठी जे केलंत, त्याचा शब्द कुठं फुटला नाही. तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत आणि आम्हालाही सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून तुमचे आभार मानायचेच राहिले. आज चारचौघांत मानते आहे. तुमचं नाव घेत नाही, त्या बायकांचंही घेणार नाही. ज्यांना ओळखायचं त्या बरोबर ओळखतील.

२०१६ साल आपण लातूरकर विसरणार नाही. उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी लातूरला आली, तेव्हा टँकरच्या रांगेत उभं राहून आपले हात दुखायचे. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस असा कोसळला की काही ठिकाणी उभं सोयाबीन भिजलं, पण विहिरी भरल्या. दोन-तीन वर्षांनी पहिल्यांदा घरात माल आला. भाव काही फार नव्हता, सरकारचा हमीभाव बोनस धरून क्विंटलला २,७७५ रुपये होता आणि आडतीवर तेवढाही मिळेल याची खात्री नव्हती. तरी दिवाळीला लेकरांना कपडे झाले. हरभऱ्याच्या पेरणीसाठी म्हणून थोडे पैसे घरात बाजूला ठेवले होते, ते सगळे पाचशेच्या नोटांत.

८ नोव्हेंबरच्या रात्री आठ वाजता टीव्हीवर सांगितलं की पाचशे आणि हजाराच्या नोटा आज मध्यरात्रीपासून बंद. देशातल्या नोटांच्या एकूण किमतीपैकी ८६ टक्के रक्कम या दोन नोटांत होती. खेड्यात तर पाचशेची नोट म्हणजेच पैसा. आडत्या पाचशेच देतो, जनावराचा बाजार पाचशेवर चालतो.

बँकेपुढच्या रांगांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. चार हजार बदलून मिळणार, मग साडेचार, मग दोनच, आणि २४ नोव्हेंबरनंतर बदली बंद. आपल्याकडं त्याहून मोठा घोर होता तो जिल्हा बँकांचा. शेतकऱ्याचं खातं पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीमुळं तिथंच. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेनं देशभरातल्या जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला आणि बदलायला मनाई केली. नव्या नोटाही त्यांच्याकडं पुरेशा येईनात. मामंजींनी राहिलेलं सोयाबीन घातलं, आडतीवर चेक मिळाला, चेक खात्यावर पडला आणि पैसे तिथंच अडकले. पेरणीच्या बायकांना मजुरी काय द्यायची? शेवटी धान्य दिलं. गावात बऱ्याच घरांनी तसंच केलं.

मजुरी धान्यात आली म्हणजे दळण वाढलं, पण दळणाचे पैसे द्यायला कुणाकडं सुट्टे नव्हते. दोन हजाराची गुलाबी नोट एखाद्याकडं असली तरी ती मोडून कोण देणार? तुम्ही गिरणीच्या भिंतीवर खडूनं रेघा मारायला लागलात. ज्याच्या नावापुढं रेघा वाढल्या त्यालाही परत पाठवलं नाहीत. गिरणीचा झिजलेला दगड टाकीनं खडबडीत करून देणाऱ्याला रोख द्यायला नको म्हणून ते काम पुढं ढकललंत. पीठ जरा जाडंभरडं येऊ लागलं होतं. भाकरी थापताना कडा फाटायच्या, तरी कुणी तोंडातून शब्द काढला नाही. सगळ्यांना कारण माहीत होतं.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते.

गड्यांचा पैसा खिशात असतो, बायकांचा दडवलेला असतो. कुणाचा कणगीत, कुणाचा देवाच्या फोटोमागं, माझा गोधडीच्या शिवणीत. अंडी विकून, दुसऱ्याच्या रानात खुरपून, बाजारातून उरलेले पाच-दहा राखून केलेला. धा-वीसच्या नोटा जमल्या की त्यांची एक पाचशेची करून ठेवायची, म्हणजे खर्च होत नाही आणि दडवायलाही सोपी. नवऱ्याला ठाऊक नाही, सासूला ठाऊक नाही. दारू पिणाऱ्याच्या घरात तर तो पैसा म्हणजे लेकरांच्या तोंडचा घास. सरकारनं सांगितलं, खात्यावर भरा, घाबरू नका, गृहिणींना अडीच लाखांपर्यंत कुणी विचारणार नाही. पण ज्या बाईचं पासबुक नवऱ्याच्या पेटीत, तिनं कोणत्या तोंडानं भरायचे? भरले की घरात प्रश्न, नाही भरले की कागद.

दळणाला चालले म्हटलं की बाईला कुणी हटकत नाही. हे तुमच्याच ध्यानात आलं. मी डबा घेऊन आले त्या दिवशी पट्टा सुरू होता, कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. ज्वारीत हात घालून मी नोटेचं टोक तेवढं दाखवलं. तुम्ही बघितलं, पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "डबा ठेव अन् जा. सांजच्याला ये." संध्याकाळी डबा उचलला तर नेहमीपेक्षा जड. घरी कोणी नसताना पिठात हात घातला. तळाला प्लॅस्टिकच्या पिशवीची पुरचुंडी, तीत दहाच्या आणि वीसच्या मऊ झालेल्या नोटा, खाली नाणी. मोजले. पाचशेला पाचशे.

त्याच आठवड्यात गावात पाचशेला चारशे देणारे फिरत होते, आणि लोक देतही होते. किराणावाले तुमच्याकडं सुट्टे मागायला येत, वर काही देऊ म्हणत. त्या दिवसांत गिरणीच्या गल्ल्याएवढी चिल्लर दुसरीकडं कुठं नव्हती. तुम्ही ती आमच्यासाठी राखलीत.

तुमच्याकडं साठलेल्या जुन्या नोटांचं काय केलंत, ते मला फार उशिरा कळलं. दुष्काळात तुमच्या घरच्या मीटरचं बिल थकलं होतं. लाइटबिलाला जुनी पाचशेची नोट १५ डिसेंबरपर्यंत चालत होती. थकबाकी तिथं भरलीत आणि उरलेल्या नोटा तालुक्याला रांगेत उभं राहून स्वतःच्या खात्यावर टाकल्यात, गुडघे धरलेले असताना. खात्यावरचे काढायचे म्हटलं तर आठवड्याला चोवीस हजारांची मर्यादा कागदावर होती, बँकेत असतील तेवढेच हातात यायचे. म्हणजे आमच्या अडचणीच्या बदल्यात तुम्ही स्वतःची अडचण करून घेतलीत. सधन माणसानं मदत करणं वेगळं. तुमच्या घरात तेव्हा तुमच्या धाकट्याच्या लग्नाची बोलणी सुरू होती, हे मला माहीत आहे.

मामी, त्या वेळी टीव्हीवर रात्रंदिवस काळ्या पैशाचं चालू होतं. दडवलेला पैसा म्हणजे काळा, असं ऐकून मला रडू यायचं. माझ्या गोधडीतला पैसा घामाचा होता. पुढं रिझर्व्ह बँकेनंच हिशेब दिला की बंद केलेल्या नोटांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त परत आल्या. २०२३ मध्ये ती दोन हजाराची नोटही मागं घेतली. या सगळ्याची झळ ज्यांना बसली त्यांत आपल्यासारख्या बायका किती होत्या, याची मोजदाद कुणी केली नाही. मला ते फार लागतं. आपल्या गल्लीत काय झालं तेवढं तरी कुठंतरी लिहिलेलं असावं, म्हणूनही हे लिहिते आहे.

माझ्या चार नोटा तुम्ही अशाच मोडून दिल्यात, एकेक करून, दर दळणाला. ते पैसे लेकीच्या मेसचे होते. ती तेव्हा लातुरात नर्सिंगला होती, आणि मेसवाल्या बाईंनाही रोखच लागत होते. महिना चुकला असता तर तिच्या बापानं तिला घरी आणलं असतं. स्थळ बघायचं चाललंच होतं. ती शिकली. आज नोकरीला आहे, स्वतःचं खातं आहे, पासबुक तिच्याच पर्समध्ये असतं. तुमच्या पुरचुंडीची गोष्ट मी तिला मागच्या महिन्यात पहिल्यांदा सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, मामीआजीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं का ते विचार.

तर मामी, तेच विचारते. झालं नसेल तर कागदपत्रं आणि तपासण्या ती बघते म्हणते, दवाखान्यात सोबतही राहील. नको म्हणू नका. तुमचे उपकार फिटणार नाहीत, तेवढं तरी करू द्या.

तुमची,
वरच्या गल्लीतली सून