रक्तविकारांच्या रुग्णसंघटना एकत्र याव्यात

महोदय,

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तिन्ही रक्तविकार एकाच वेळी समाविष्ट झाले. तरीही त्यांच्या संघटना बहुधा स्वतंत्रपणेच सरकारदरबारी उंबरे झिजवताना दिसतात. हिमोफिलिया रुग्णांची देशव्यापी संघटना १९८३ पासून कार्यरत आहे, मात्र सिकलसेल सोसणाऱ्या गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवरील रुग्णांची बाजू मांडणारे क्वचितच कोणी असते. दिव्यांगत्वाचा दाखला (त्यासाठीचे हेलपाटे तर विचारूच नयेत) आणि जवळच्या शासकीय रुग्णालयात नियमित औषध या मागण्या तिघांच्याही असल्याने, या संघटनांनी जिल्हावार संयुक्त समित्या स्थापून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे एकत्रित पाठपुरावा करावा, आणि शहरांतील अनुभवी कार्यकर्त्यांनी पाड्यांवरील रुग्णांनाच त्या समित्यांचे नेतृत्व द्यावे.

— एक वाचक, नागपूर