धुरे वाढले, वावर आटलं

महोदय,

आजोबांचं सोळा एकर वावर चार भावांत वाटलं गेलं. वडिलांच्या चार एकरांतून माझ्या वाट्याला दोन एकर आले. विहीर चुलत्यांच्या हिश्श्यात, म्हणून ओलितासाठी पाळी आणि पाळीवरून भांडण. एवढ्याशा तुकड्यात ठिबकला पैसा कोण घालणार? कृषिगणनेनुसार राज्यातलं सरासरी धारणक्षेत्र (एका शेतकऱ्याकडची जमीन) १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये १.३४ उरलं. जमिनीचे बारीक तुकडे रोखणारा तुकडेबंदी कायदा तर १९४७ चा! २००५ पासून मुलींनाही जन्मतः समान हक्क आहे, तरी बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतात (आमच्या घरीही घेतलं, लाज वाटते). वाटणी जमिनीचीच कशाला? एकाने कसावं, बाकीच्यांना दरसाल पैशात हिस्सा द्यावा. भावाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, आधी मोजणी करू.

– एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ